ओपन बॉक्स मिनी आयटीएक्स बोर्ड मिळतोय, कपाटाच्या खणात बसणाऱ्या पीसीसाठी घेऊ का? (ठाणे)

रेघोट्या, वर्तकनगर

नमस्कार मंडळी, जरा सविस्तरच लिहितो म्हणजे परत परत विचारायला नको. मी ड्राफ्टिंगची कामं घेतो, दिवसभर ऑटोकॅड, अधूनमधून स्केचअप, आणि बहुतेक काम घरूनच चालतं. आत्ताचा टॉवर आठ वर्षांचा झाला, तो खिडकीखाली असतो आणि पावसाळ्यात झड थेट त्याच्यावर येते, त्यामुळे जूनपासून सप्टेंबरपर्यंत पीसी बंद केला की वर प्लास्टिक टाकायचं आणि चालू करताना काढायचं असं चालू आहे. गेल्या ऑगस्टमध्ये एकदा विसरलो आणि सकाळी बघतो तर वरच्या जाळीतून आत पाणी गेलेलं, ग्राफिक कार्ड गेलं ते तेव्हाच. त्यात यंदा मुलगी दहावीला आहे, टेबल एकच, तिच्या पायाला तो टॉवर लागतो, म्हणून तो खाली ठेवायचाच नाही असं ठरवलंय. टेबलाच्या बाजूला भिंतीला लागून कपाट आहे, त्याचा एक उघडा खण रिकामा करून दिलाय बायकोने, आतून माप १६ इंच खोल, १० इंच रुंद, १३ इंच उंच, मागे पातळ प्लाय.

कॅबिनेट म्हणून कूलर मास्टर कंपनीचं एनआर२०० डोक्यात आहे. बोर्डाचं म्हणाल तर लॅमिंग्टन रोडला एका दुकानात बी६५० चिपसेटचा (एएमडीच्या एएम५ सॉकेटवाल्या प्रोसेसरसाठीचा) मिनी आयटीएक्स, म्हणजे लहान मापाचा मदरबोर्ड ओपन बॉक्स, म्हणजे आधी उघडलेल्या खोक्यातला, मिळतोय, नव्यापेक्षा साधारण पाच हजारांनी कमी, पक्कं बिल देतो म्हणतोय. दोन रॅम स्लॉट, एसएसडीसाठी दोन एम.२ स्लॉट (एक पुढे, एक पाठीमागे), हार्ड डिस्कसाठी चार साटा, २.५ जीबी लॅन, वायफाय ६ई. प्रोसेसर रायझन ५ ८६००जी की ७६०० यात अडकलोय. ग्राफिक कार्ड आत्ता घेणार नाही, पण वर्षभरात एखादं घ्यायची इच्छा आहे, क्लायंटला थ्रीडी व्ह्यू द्यावे लागतात हल्ली. एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) जुना ५०० वॅटचा चांगला चालू आहे, तोच वापरीन म्हणतो. एवढ्या लहान बोर्डात पैसे घालणं योग्य आहे का, आणि ओपन बॉक्स घेताना काय बघायचं, हे कोणी अनुभवी माणसाने सांगितलं तर फार बरं होईल.

ऐरोलीकर

दादा आधी बोर्ड बाजूला ठेवा आणि टेप घ्या हातात. तुम्ही ड्राफ्टिंगवाले म्हणजे हे तुम्हाला सांगायला नको खरं तर, पण खणाचं माप इंचात दिलंय आणि कॅबिनेटचं माप घेतलेलंच दिसत नाही. एनआर२०० बाहेरून ३७६ मिमी लांब, १८५ रुंद, २९२ उंच आहे. तुमचा खण १६ इंच म्हणजे ४०६ मिमी. उरले ३० मिमी. आता मागे एचडीएमआयची पिन, पॉवर कॉर्ड, लॅनची वायर, या सगळ्यांना सरळ बाहेर यायला ५० ते ६० मिमी जागा लागतेच, वायर मुरगळून बसवली तर सहा महिन्यांत पोर्ट सैल होतो. म्हणजे एकतर कॅबिनेट खणाबाहेर इंचभर येणार नाहीतर मागचा प्लाय कापावा लागणार. रुंदीला काही प्रॉब्लेम नाही, दोन्ही बाजूंना तीस-चौतीस मिमी हवा खेळते. उंचीला वर ३८ मिमी राहतात, तिथे गरम हवा कोंडणार, त्याचं खाली लिहितो.

दुसरी गोष्ट, तुमचा जुना एसएमपीएस यात बसणार नाही. तो एटीएक्स साइजचा असणार, १५० मिमी रुंद आणि ८६ मिमी उंच, आणि या कॅबिनेटला एसएफएक्स लागतो, तो १२५ बाय ६३.५ बाय १००. हा खर्च तुमच्या हिशेबात नाहीये आणि एसएफएक्स महाग असतो. ओपन बॉक्सवर वाचलेले पाच हजार तिथेच जाणार.

कूलरचं मात्र टेन्शन घेऊ नका. लहान बोर्ड म्हटलं की लोक लगेच बुटके कूलर शोधायला लागतात, पण या कॅबिनेटमध्ये १५५ मिमीपर्यंतचा टॉवर कूलर बसतो. ६५ वॅटच्या प्रोसेसरला तर बॉक्समधला स्टॉक कूलरसुद्धा सुरुवातीला पुरतो. टॉवर लावायचाच असेल तर रॅम मात्र बुटकी घ्या, कारण या बोर्डात सॉकेट, रॅम आणि कार्डाचा स्लॉट सगळं एकमेकांच्या अंगावर आलेलं असतं. माझ्या पहिल्या बिल्डमध्ये रॅमवर उंच लाइटवाली फणी होती, कूलरचा पंखा तिच्यावर टेकला, शेवटी पंखा सेंटीमीटरभर वर सरकवून लावला आणि मग साइडचं झाकण लागेना. ती रॅम विकून साधी काळ्या पट्टीची रॅम घेतली तेव्हा कुठे झाकण लागलं.

आणि गरम हवेचं, खणाला दार असेल तर ते काढून टाका, आणि मागच्या प्लायला वरच्या बाजूला सुताराकडून मोठं भोक पाडून घ्या. त्याशिवाय तिथे पीसी ठेवू नका, माझी अगदी कळकळीची विनंती आहे.

खारघरची_मी

मी थोडा वेगळा प्रश्न विचारते, राग मानू नका. मिनी आयटीएक्स हवाच आहे का? मायक्रो एटीएक्स बोर्ड २४४ बाय २४४ मिमी असतो, मिनी आयटीएक्स १७० बाय १७०. फरक सात-साडेसात सेंटीमीटरचा आहे, पण त्या सात सेंटीमीटरसाठी चार रॅम स्लॉटचे दोन होतात, जास्तीचे स्लॉट जातात आणि किंमत उलट वाढते. त्याच चिपसेटचा मायक्रो बोर्ड नवा घेतला तरी तुमच्या ओपन बॉक्सपेक्षा स्वस्त पडेल कदाचित, दुकानात दोन्हीचे भाव विचारा.

पण तुमचा खण १० इंच रुंद म्हणजे २५४ मिमी आणि उंची १३ इंच म्हणजे ३३० हे वाचून मीच कॅल्क्युलेटर घेऊन बसले. मायक्रो एटीएक्सची बहुतेक कॅबिनेट उंचीला ३५० च्या पुढेच जातात, तुमच्याकडे मुळात ३३०. म्हणजे तुमच्या बाबतीत आयटीएक्स ही खरंच गरज आहे. मग घ्या. माझ्यासारखं करू नका, मी सीवूड्सला भाड्याने राहत होते तेव्हा घर लहान म्हणून आयटीएक्स घेतला आणि खारघरला मोठ्या घरात आल्यावर तिसरी-चौथी रॅम लावायला जागाच नाही म्हणून हळहळत बसले.

रॅमचं खरं महत्त्वाचं आहे, ते बोलते. २०२५ च्या दिवाळीपासून रॅमचे भाव किती चढलेत ते तुम्हाला दुकानात कळेलच. त्यामुळे आता सगळे सांगतात एकच १६ जीबीची पट्टी घ्या, दुसरी नंतर. हे ७६०० बरोबर एक वेळ चालेल. पण ८६००जी घेतलात तर अजिबात नाही, कारण त्यातलं ग्राफिक्स रॅमच्याच वेगावर जगतं, त्याला स्वतःची मेमरी नसते. एक पट्टी म्हणजे एक चॅनल, म्हणजे ज्या ग्राफिक्ससाठी तुम्ही जास्त पैसे मोजलेत त्याचा जीवच काढून घेतल्यासारखं. दोनच स्लॉट असल्यामुळे ८ च्या दोन घेतल्यात तर पुढे वाढवताना दोन्ही काढून टाकाव्या लागतील. त्यामुळे ८६००जी म्हणजे १६ च्या दोन पट्ट्या आत्ताच, आणि ७६०० म्हणजे १६ ची एक आत्ता आणि त्याच मॉडेलची दुसरी कार्ड घ्याल तेव्हा, असा हिशेब करून मग प्रोसेसर ठरवा. प्रोसेसरच्या किमती नुसत्या शेजारी शेजारी ठेवून काही कळणार नाही.

ऐरोलीकर

ताईंनी बरोबर मुद्दा काढला. त्याला जोडून अजून एक, ८६००जी च्या कार्डाच्या स्लॉटला आठच लेन (डेटा जायच्या वाटा) मिळतात, ७६०० ला पूर्ण सोळा. ८५००जी तर घेऊच नका, त्यात कार्डाला चारच लेन येतात. आठ लेनवर मधल्या रेंजचं कार्ड व्यवस्थित चालतं, फार फरक जाणवत नाही, पण वर्षभरात कार्ड घेणार हे नक्की असेल तर ८६००जी चं भारी ग्राफिक्स तेव्हा पडूनच राहणार ना. ७६०० मध्येही डिस्प्लेपुरतं छोटं ग्राफिक्स असतं, ऑटोकॅडच्या टूडी ड्रॉइंगला ते पुरतं, मी स्वतः वर्षभर तसंच काम केलंय.

घणसोली_नाइटशिफ्ट

एवढा व्याप कशाला, डेस्कमिनी एक्स६०० हा छोटा पीसीच घ्या ना. १५५ बाय १५५ बाय ८० मिमी, दोन लिटरपेक्षा कमी, खणात ठेवून वर मुलीची पुस्तकं राहतील. एएम५ च आहे, लॅपटॉपची रॅम लागते.

रेघोट्या, वर्तकनगर

डेस्कमिनी बघितला होता, फार आवडला पण कार्डाला स्लॉटच नाही, म्हणून सोडला. ऐरोलीकर, एसएमपीएसचं तुम्ही सांगितलं नसतं तर मी बॉक्स उघडून डोक्याला हात लावून बसलो असतो, मनापासून आभार. कपाट मोजलं परत, मागे भिंत आणि प्लाय यांच्यात स्कर्टिंगमुळे दीड इंचाची फट आहे. प्लायला मागच्या पोर्टांएवढी खिडकी कापली तर एकूण पावणेतीन इंच मिळतात वायरला. सुताराशी बोललोय, रविवारी येतो म्हणाला.

ताई, ७६०० आणि एक १६ ची पट्टी, असं ठरवतोय. आता ओपन बॉक्स बोर्ड घेताना काय बघायचं तेवढं राहिलं. शनिवारी जाणार आहे.

डाख_आणि_तार, नौपाडा

मी बोर्ड रिपेअरिंग करतो, बावीस वर्षं झाली. तुमचा धागा उशिरा बघितला पण शनिवारच्या आत लिहून टाकतो.

मिनी आयटीएक्स हे माप व्हिया कंपनीने २००१ मध्ये काढलं, तेव्हा त्यावर अगदी कमी वॅटचे प्रोसेसर असायचे, बोर्डावर मोकळी जागा दिसायची. आज त्याच सतरा सेंटीमीटरच्या चौकोनात एएम५ सॉकेट, दोन एम.२, वायफाय, सगळं कोंबलेलं असतं, त्यामुळे पाठीमागची बाजूसुद्धा बारीक पार्ट्सनी भरलेली असते. मोठ्या बोर्डाला स्क्रू ड्रायव्हर सटकला तर बरेचदा रिकाम्या जागेवर ओरखडा येतो आणि बोर्ड वाचतो. या लहान बोर्डात सटकला की काहीतरी उडतंच. माझ्याकडे येणाऱ्या लहान बोर्डांपैकी बरेचसे असेच मेलेले असतात, कंपनीचा दोष नसतो, बसवणाऱ्याचा हात असतो.

म्हणून बोर्ड हातात आला की आधी पाठ बघायची, तोंड नंतर. चार कोपऱ्यांना चार भोकं असतात, प्रत्येक भोकाच्या भोवती बोटभर अंतरात टॉर्च मारून बघा. बारीक कपॅसिटर मोहरीच्या दाण्याएवढा असतो, तपकिरी, दोन टोकांना चांदी. जिथे नुसती दोन चांदीची टिंबं दिसतात आणि मधे दाणा नाही तिथे दोन शक्यता, एक तर कंपनीनेच ती जागा रिकामी सोडलेली असते, नाहीतर दाणा उडालेला असतो. रिकामी सोडलेली जागा गुळगुळीत आणि चकचकीत दिसते, उडालेल्या जागी चांदी फाटलेली, मळकट, बाजूला ओरखडा. हा फरक एकदा बघितला की डोळ्यात बसतो.

मग सॉकेट. एएम५ मध्ये पिना बोर्डावर असतात, १७१८. सरळ वरून बघून काही दिसत नाही. बोर्ड डोळ्याच्या पातळीला आडवा धरायचा, टॉर्च एका बाजूने तिरपी मारायची आणि बोर्ड हळूहळू फिरवायचा. पिना सरळ असतील तर पैठणीच्या जरीच्या काठासारखी चमक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग सरकत जाते. एखादी वाकलेली असली की तिथे चमक तुटते. चारही बाजूंनी बघायचं. मोबाइलचा कॅमेरा झूम करून फोटो काढा, घरी नेऊन नाही, तिथेच. दुकानदार घाई करायला लागला तर त्याला शांतपणे सांगा की पाच मिनिटं लागतील. सॉकेटवरची प्लास्टिकची टोपी बॉक्समध्ये आहे का ते विचारा, पुढे वॉरंटीत पाठवायची वेळ आली तर ती टोपी लागते, तिच्याशिवाय पिना वाटेत दबतात आणि क्लेम हातातून जातो.

सीरियल नंबर तीन ठिकाणी जुळला पाहिजे, बोर्डावरचं स्टिकर, बॉक्स, आणि तुमच्या बिलावर. वॉरंटी पहिल्या बिलाच्या तारखेपासून की तुमच्या, हे बिलावर लिहून घ्या, तोंडी नको. वायफायची अँटेना, एम.२ चे बारीक स्क्रू, पुढच्या हीटसिंकखालचा थर्मल पॅड, हे ओपन बॉक्समध्ये हमखास गायब असतात. एम.२ चा स्क्रू ही क्षुल्लक गोष्ट वाटते, पण रात्री दहाला घरी असेंबल करताना तो नसला तर काय होतं ते ज्याचं झालंय त्यालाच कळतं.

बायोस, म्हणजे बोर्डाचं आतलं सॉफ्टवेअर, किती जुनं आहे ते पण विचारा. हे बी६५० बोर्ड ऑक्टोबर २०२२ पासूनचे आहेत, ८६००जी आलं जानेवारी २०२४ मध्ये आणि ९००० सीरिज ऑगस्ट २०२४ मध्ये. जुना पडलेला बोर्ड असला तर ७६०० चालेल, पण ८६००जी लावून डिस्प्लेच येणार नाही आणि तुम्हाला वाटेल बोर्ड खराब. फ्लॅशबॅकचं बटण असलेला बोर्ड असेल तर प्रोसेसर न लावता पेनड्राइव्हने बायोस टाकता येतो, पेनड्राइव्ह एफएटी३२ मध्ये फॉरमॅट करून. आपल्याकडे पावसाळ्यात लाइट कधी जाईल सांगता येत नाही, अपडेट मधेच अर्धवट राहिलं तरी हे बटण वाचवतं. त्या एका बटणासाठी मी हजार रुपये जास्त द्यायला सांगेन.

सानपाडा_पाम_बीच

काका व्हीआरएमबद्दल (बोर्डावरचा प्रोसेसरला वीज पुरवणारा भाग) काहीच बोलले नाहीत? सगळीकडे तर त्याचे फेज मोजूनच बोर्ड ठरवतात.

डाख_आणि_तार, नौपाडा

मुद्दाम नाही बोललो. ७६०० हा ६५ वॅटचा म्हणतात, प्रत्यक्षात जास्तीत जास्त ८८ वॅट ओढतो. १७० वॅटवाला प्रोसेसर २३० पर्यंत जातो, त्याच्यासाठी व्हीआरएम बघायचा. ८८ वॅटला कुठल्याही बऱ्या कंपनीचा बी६५० बोर्ड आरामात पुरतो, अगदी ए६२० हा खालचा चिपसेटसुद्धा, फक्त ए६२० मध्ये प्रोसेसर ओव्हरक्लॉक होत नाही आणि यांना तो करायचाही नाही. फेज मोजण्यापेक्षा व्हीआरएमवर धातूचा हीटसिंक नीट घट्ट बसलाय का ते बोटाने हलवून बघा. आणि पुढे मोठा प्रोसेसर टाकावासा वाटला तर सॉकेट चालणारच आहे, एएमडीने २०२४ मध्ये सांगितलंय की एएम५ ला २०२७ आणि त्यापुढेही साथ देणार, त्या हिशेबाने यांनी बी६५० घेणं मला पटतं.

रेघोट्या, वर्तकनगर

जाऊन आलो. सकाळी ठाण्याहून दादरला, तिथून ग्रँट रोड, साडेअकराला दुकानात. काका, तुम्ही लिहिलं होतं तसंच केलं, आधी पाठ. पहिल्या तीन भोकांना काही नव्हतं. चौथं भोक, रॅमच्या बाजूचं खालचं, तिथे एक ओरखडा भोकापासून निघून सरळ आत गेलेला आणि त्याच्या टोकाला दोन टिंबं, एक चकचकीत आणि एक अर्धी फाटलेली, खालचं तांबं दिसत होतं. फोटो काढून झूम केला, दुकानदाराला दाखवला. तो म्हणाला चालू आहे बोर्ड, टेस्ट करून दाखवतो. पाच हजार वाचत होते म्हणून दोन मिनिटं मलाही वाटलं घेऊन टाकावा. पण रॅमच्या शेजारीच ती जागा, आणि माझं काम असं की सकाळी फाइल पाठवायची असते, मधेच मशीन बसलं तर मी क्लायंटला काय सांगू. नाही घेतला. शेजारच्या दोन दुकानांत विचारून नवाच घेतला, बी६५० च, फ्लॅशबॅकचं बटण असलेला, पाठीमागे एक एम.२. बॉक्स सील होता तरी तिथे उघडून सॉकेटची चमक बघितली, सगळीकडे सलग होती.

रविवारी सुतार येऊन प्लाय कापून गेला, पोर्टांसाठी खिडकी आणि वर चार इंची गोल भोक. बसवायला रात्री घेतलं मुलीचा अभ्यास झाल्यावर. सगळं जोडलं, बटण दाबलं, पंखा फिरतोय, स्क्रीन काळी. एक मिनिट, दोन मिनिटं, तरी काळीच. बंद करून रॅम काढून परत लावली, परत काळी. आत्ता रात्रीचे सव्वाबारा झालेत, नवा बोर्ड पण तसाच निघाला का, काय करू?

डाख_आणि_तार, नौपाडा

बंद करू नका!! चालू करा आणि हात लावू नका. एएम५ पहिल्यांदा रॅम ओळखायला बसतो, त्याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात, त्यात स्क्रीन काळीच राहते आणि कित्येक मिनिटं जातात. तुम्ही मधे बंद केलंत की ते पहिल्यापासून सुरू होतं. पंधरा मिनिटं घड्याळ लावून बसा. आणि मॉनिटरची वायर बोर्डाच्या एचडीएमआयलाच लावलीय ना तेवढं बघा.

रेघोट्या, वर्तकनगर

आला!! आला काका, नवव्या मिनिटाला लोगो आला. बायको पण उठून बसली होती, दोघं घड्याळ बघत होतो. बायोसमध्ये १६ जीबी दिसतेय, प्रोसेसर दिसतोय. तुम्ही जागे होता म्हणून, नाहीतर मी सकाळी बोर्ड घेऊन परत ग्रँट रोडला गेलो असतो.

खारघरची_मी

वा, अभिनंदन! आता बायोसमध्ये एक्स्पो (रॅम तिच्या पूर्ण वेगाने चालवायची सेटिंग) चालू करा, त्यानंतर परत एकदा तसंच ट्रेनिंग होईल, तेव्हा घाबरू नका. विंडोज पुढच्या एम.२ वर टाकलंय की मागच्या?

रेघोट्या, वर्तकनगर

चार दिवस वापरून मग लिहितोय. ताई, चूक केली होती, विंडोज मागच्यावर टाकलं होतं, कारण पुढचा हीटसिंक काढायचा कंटाळा केला. काल एका सोसायटीची सगळी जुनी ड्रॉइंग्ज जुन्या हार्ड डिस्कवरून कॉपी केली तेव्हा मागच्या एसएसडीचं तापमान ७४ डिग्रीला गेलं. पुढच्या हीटसिंकखाली टाकलं असतं तर एवढं झालं नसतं. आणि मागचा एसएसडी बदलायचा म्हणजे अख्खा बोर्डच बाहेर काढावा लागतो, २४ पिनची वायर, वरच्या कोपऱ्यातली ८ पिनची वायर, सगळं सोडवून. ती ८ पिनची वायर तर कूलर लावल्यावर बोटंच जात नाहीत तिथे, मी चिमट्याने लावली. रविवारी पुन्हा सगळं काढून एसएसडी पुढे आणणार आहे, मागे फक्त बॅकअपची ठेवीन. कोणी नवीन बसवणार असेल तर बोर्ड कॅबिनेटमध्ये टाकायच्या आधी एसएसडी आणि ती ८ पिनची वायर दोन्ही लावून घ्या.

बाकी खूप समाधान आहे. ऑटोकॅडची मोठी फाइल जुन्या मशीनवर उघडायला घेतली की मी चहा टाकायला उठायचो, आता बसल्या जागी उघडते. आवाज जवळपास नाहीच, मुलगी शेजारी बसून अभ्यास करते, तिला कळतही नाही चालू आहे की बंद. प्लायच्या वरच्या भोकातून गरम हवा बाहेर पडताना हाताला लागते. खिडकीखालची जागा पूर्ण मोकळी झाली, आता झड आली तरी फरशीच भिजेल. एकच विचारायचंय, मागच्या बाजूचा पंखा आत हवा ओढणारा ठेवू की बाहेर टाकणारा, भिंत जवळ आहे म्हणून विचारतोय.

ऐरोलीकर

बाहेर टाकणाराच. खण समोरून उघडा आहे ना, गार हवा समोरून आणि बाजूंनी आत येऊ दे, गरम हवा मागच्या भोकातून भिंतीकडे जाऊ दे. उलटं केलंत तर भिंतीला आपटून आलेली गरम हवाच परत आत ओढाल. आणि त्या गोल भोकाला बारीक जाळी लावा, नाहीतर झुरळं आत जातात, एसएमपीएसची ऊब त्यांना आवडते.

डाख_आणि_तार, नौपाडा

रविवारी बोर्ड काढाल तेव्हा आधी मेन स्विच बंद, वायर काढा आणि पॉवरचं बटण पाच सेकंद दाबून धरा म्हणजे उरलेला करंट निघून जातो. कोपऱ्याचे स्क्रू काढताना ड्रायव्हर उभाच धरा, तिरपा नको. सॉकेटची टोपी ठेवलीत ना?

रेघोट्या, वर्तकनगर

ठेवली काका, बिलासोबत एका पिशवीत घालून बोर्डाच्या बॉक्समध्येच. जाळी उद्या आणतो.